चार प्रोग्रॅम, तीन पाइप आणि वीस बाइटची फाइल

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा इंडिकेटर सेकंदाला कितीतरी वेळा आकडा फेकत असतो, गाडी काट्यावर असो वा नसो. तो सगळा कच्चा लॉग तिथल्याच एका छोट्या लिनक्स डब्यात साठतो आणि पंधरवड्याची ऊसबिलं निघायच्या आधी आमचा सी मधला डीमन (मागे आपोआप चालत राहणारा प्रोग्रॅम) तो उघडतो, एकेका काट्याच्या ओळी वेगळ्या काढतो, वेळेप्रमाणे लावतो आणि परत दाबून ठेवतो. म्हणजे जीझिपने उघडा, ग्रेपने गाळा, सॉर्टने लावा, परत जीझिप. शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून चालवतो तिथे, ही एका ओळीची गोष्ट, चार नावं आणि मध्ये तीन उभ्या दांड्या, म्हणजे एकाचं आउटपुट पुढच्याला देणारे पाइप. सी मधून हेच नीट करायचं म्हटलं की किती कोपरे निघतात ते इथे लिहितोय, ज्यांना हे काम पुढेमागे करायचंय त्यांच्यासाठी.

हा कोड माझ्याकडे वारशाने आला. आधीच्या माणसाने एसएनप्रिंटएफने पूर्ण कमांडची एक लांबलचक स्ट्रिंग बनवून ती सरळ सिस्टिम या फंक्शनला दिली होती (ते ती शेलकडून चालवून घेतं), शून्य, म्हणजे सगळं ठीक, परत आला की लॉगमध्ये "यशस्वी" लिहायचं आणि पुढची फाइल घ्यायची. चाललंय की, म्हणून कोणी हात लावला नव्हता, आणि खरं सांगायचं तर दोन-तीन गळीत हंगाम ते चाललं पण. मग एका कारखान्याच्या ऑपरेटरचा फोन आला, "सर, या पंधरवड्याला गाड्या तर रांग लावून होत्या, मग दोन नंबर काट्याचा रिपोर्ट कोरा कसा काय?" लॉग बघितला तर यशस्वी. फाइल बघितली तर आहे, जीझिपने तपासली तर व्यवस्थित उघडते, फक्त तिची साइज वीस बाइट.

वीस बाइट हा आकडा लक्षात ठेवा. जीझिपला स्टँडर्ड इनपुटवरून (प्रोग्रॅममध्ये डेटा येतो ती वाट) काहीही न देता चालवलं तर तो तक्रार करत नाही, तो रिकाम्याची सुद्धा रीतसर फाइल बनवतो, दहा बाइटचं हेडर, दोन बाइटचा रिकामा ब्लॉक आणि शेवटी आठ बाइट सीआरसी (तपासणीचा आकडा) आणि लांबीचे. झाले वीस. त्याच्या दृष्टीने काम चोख झालंय, म्हणून तो शून्य देऊन निघतो, आणि शेल पाइपलाइनचा निकाल म्हणून शेवटच्या प्रोग्रॅमचा निकाल देतो, आणि सिस्टिम फंक्शन शेलचा निकाल आपल्याला देतं. बाकीचे तीन प्रोग्रॅम कशाने मेले हे या साखळीत कुठेच पोचत नाही.

मेला होता सॉर्ट. त्या डब्यात टीएमपी फोल्डर रॅममध्ये माउंट केलेलं होतं, असं माउंट साइज न सांगता केलं की कर्नल जास्तीत जास्त निम्मी रॅम देतं, आणि सॉर्टला डेटा मेमरीत मावेनासा झाला की तो तुकडे टीएमपीमध्ये लिहून ठेवतो. फोल्डर भरलं, सॉर्ट "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" म्हणून ओरडला, पण डीमनचं स्टँडर्ड एरर, म्हणजे चुका सांगायची वाट, डेव्ह-नल या सगळं गिळून टाकणाऱ्या फाइलला जोडलेलं, त्यामुळे ओरडणं हवेत गेलं. सॉर्ट सगळं इनपुट वाचून झाल्याशिवाय एक ओळही बाहेर सोडत नाही, त्यामुळे पुढच्या जीझिपला अर्धवट नाही तर पूर्ण कोरं मिळालं. अर्धवट मिळालं असतं तर अजून वाईट, कारण कोरा रिपोर्ट निदान डोळ्यात भरतो.

मी टेबलावरच्या मशिनवर टीएमपी मुद्दाम छोटं करून तेच परत घडवलं, आणि बॅश या शेलमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा निकाल ठेवणारा पाइपस्टेटस नावाचा जो अॅरे असतो तो छापला. आलं १४१, १४१, २, ०. मला हे चार आकडे फार आवडले कारण यात अख्खी हकीकत आहे. दोन हा सॉर्टचा खरा एरर. सिग्नलने मेलेल्याला शेल १२८ अधिक सिग्नलचा नंबर देतो, १४१ म्हणजे १२८ अधिक १३, आणि १३ नंबरचा सिग्नल म्हणजे सिगपाइप, म्हणजे पुढचा वाचणाराच निघून गेल्यामुळे मागचे दोघं लिहिता लिहिता मेले, त्यांचा काही दोष नाही. आणि शेवटचा शून्य म्हणजे आपले वीस बाइटवाले साहेब.

आता गंमत अशी की वीस बाइटची फाइल दरवेळी चुकीची नसते. एखादा काटा दुरुस्तीसाठी पंधरवडाभर बंद असेल तर त्याच्या ओळीच नसतात, ग्रेपला काही सापडत नाही आणि न सापडल्यावर ग्रेप १ देतो. तिथे आकडे येतात ०, १, ०, ०, आणि फाइल तीच, वीस बाइटची, पण या वेळी ती बरोबर आहे. म्हणजे फाइलकडे बघून काही कळत नाही आणि शेवटच्या निकालाकडे बघूनही नाही. चारही निकाल हातात हवेत, आणि कुठल्या प्रोग्रॅमचा कुठला आकडा चालतो हे प्रत्येकाचं वेगळं लिहून ठेवायला हवं. ग्रेपचा १ चालतो, २ नाही. सॉर्टचा शून्य सोडून काहीच नाही. जीझिपचा २ म्हणजे नुसती वॉर्निंग, १ म्हणजे एरर, म्हणजे ग्रेपच्या बरोबर उलटं वाटतं. या लोकांनी एकमेकांना विचारून काही ठरवलेलं नाही हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

टीममधला एक जण म्हणाला, "अरे बॅश डॅश-सी लाव, पाइपफेल टाक आणि मोकळा हो." म्हणजे कमांड बॅशलाच द्यायची आणि मधला कोणी फसला तरी सगळं फसलं असं धरायचं. सल्ला वाईट नव्हता, त्या हंगामापुरतं आम्ही तेच केलं. सिस्टिम फंक्शन बॅश नाही तर एसएच चालवतं, डेबियन-उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश नावाचा छोटा शेल, आणि आमच्या डब्यातल्या डॅशला पाइपफेल माहीतच नव्हतं, म्हणून बॅशला नाव घेऊन बोलवावं लागलं. पण पाइपफेल सुद्धा एकच आकडा देतं, उजवीकडून पहिला जो शून्य नाही तो, चार नाही देत. शिवाय फाइलच्या नावांचा प्रश्न तसाच. ऑपरेटर मंडळी फाइलला काय वाट्टेल ते नाव देतात, एकाने "काटा २ (नवीन)" ठेवलं होतं, ते स्ट्रिंगमध्ये जसंच्या तसं गेलं की डॅश कंसावरच अडतो आणि सिंटॅक्स एरर देतो. कंस आहे तोवर ठीक, उद्या कोणी नावात अर्धविराम टाकला तर शेल पुढचा भाग वेगळी कमांड म्हणून चालवेल आणि आपला डीमन रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) म्हणून चालतोय. नावं अवतरणात घालून, आतली अवतरणं एस्केप करून हे सांभाळता येतं, बॅशला वेगळे आर्ग्युमेंट म्हणून पाठवूनही येतं, पण माझं मत असं झालं की स्ट्रिंग पूर्णपणे आपली असेल, तिच्यात बाहेरचं एक अक्षर येणार नसेल, तरच शेलला द्यावी. पीओपन या दुसऱ्या फंक्शनचंही तेच, तो पण आतून शेलच आहे, वर एकाच दिशेने बोलतो.

मग फोर्क-एक्झेक, म्हणजे फोर्कने आपल्या प्रोसेसची प्रत काढायची (ती झाली मूल) आणि त्या मुलात एक्झेकने दुसरा प्रोग्रॅम चढवायचा. युनिक्समध्ये पाइप १९७३ मध्ये केन थॉम्पसनने घातला, डग मॅकिलरॉय १९६४ पासून बेल लॅब्समध्ये त्याच्या मागे लागले होते, आणि एवढ्या वर्षांत सी मधली पद्धत काही बदललेली नाही. पाइप मागायचा, दोन डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचे नंबर) मिळतात, एक वाचायचं टोक, एक लिहायचं. फोर्क करायचं. मुलामध्ये डुप-टू ने ते टोक शून्य (इनपुट) किंवा एक (आउटपुट) नंबरवर आणायचं, बाकी बंद करायचं, एक्झेक करायचं. वाचताना सोपं.

आधीच्या माणसाने असं एक फंक्शन अर्धं लिहून कमेंट करून ठेवलं होतं, वर "हँग होतो, नंतर बघू" अशी टीप. मी ते उघडून चालवलं तर खरंच हँग झालं, आणि ते बघण्यात माझी सगळ्यात जास्त शिकवणी झाली. त्याने तिन्ही पाइप सुरुवातीलाच बनवले होते, म्हणजे सहा डिस्क्रिप्टर, आणि मग चार फोर्क. फोर्क केलं की मुलाला आईबापाचे सगळे उघडे डिस्क्रिप्टर मिळतात, म्हणजे चार मुलं आणि एक पॅरेंट, पाच प्रोसेस गुणिले सहा, तीस टोकं उघडी. त्यातली शेवटी फक्त सहा उरायला हवीत. बाकी चोवीसपैकी लिहायचं एक जरी टोक कुठे उघडं राहिलं तरी कर्नलच्या मते त्या पाइपमध्ये अजून कोणीतरी लिहू शकतं, मग वाचणाऱ्याला एंड ऑफ फाइल मिळत नाही, तो बसून राहतो.

हे शोधायला डीबगर लागत नाही. पीएस (चालू प्रोसेसची यादी) मारल्यावर पहिले दोघं झॉम्बी दिसत होते, म्हणजे काम संपवून मेलेले पण कोणी वेट न केलेले (निकाल न उचललेले). सॉर्ट झोपलेला. एस-ट्रेस (प्रोग्रॅम कर्नलला काय मागतो ते दाखवणारं टूल) जोडला तर शून्य नंबरवर रीड, आणि ते रीड परत येतच नाही. मग प्रोक फोल्डरमध्ये सॉर्टच्या पिड (प्रोसेस नंबर) खाली एफडी फोल्डर बघायचं, तिथे शून्यासमोर पाइप असं लिहिलेलं असतं आणि पुढे कंसात एक आकडा, तो त्या पाइपचा आयनोड, म्हणजे ओळख नंबर. तोच आकडा बाकीच्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरमध्ये कुठे दिसतो ते ग्रेप करायचं. दोन ठिकाणी सापडला. एक आमचा डीमन, त्याने लिहायचं टोक सोडलं नव्हतं. आणि दुसरा स्वतः सॉर्ट! त्याच्याकडे त्याच्याच इनपुट पाइपचं लिहायचं टोक वारशाने आलेलं होतं, म्हणजे गडी स्वतःच स्वतःला काही लिहील म्हणून वाट बघत बसला होता.

उपाय म्हणून सगळी टोकं बंद करायची यादी लिहिण्यापेक्षा रचनाच बदलली. सगळे पाइप आधी बनवायचे नाहीत. एक पाइप, एक फोर्क, लिहायचं टोक लगेच बंद, वाचायचं टोक पुढच्या मुलासाठी एका व्हेरिएबलमध्ये, पुढचा फोर्क झाला की तेही बंद. अशाने पॅरेंटकडे कधीही तीनपेक्षा जास्त टोकं नसतात आणि मुलाला वारशाने जवळजवळ काही जात नाही. शिवाय पाइपऐवजी पाइप-टू वापरून क्लोएक्झेक फ्लॅग लावायचा म्हणजे एक्झेक झालं की नको ती टोकं आपोआप मिटतात, डुप-टू ने बनवलेल्या कॉपीवर हा फ्लॅग येत नाही म्हणून हवी ती राहतात. आमच्या डीमनमध्ये सॉकेट ऐकणारा एक वेगळा थ्रेड आहे, तो त्याच क्षणी काही फोर्क करेल अशी शक्यता असते, म्हणून आधी पाइप आणि मग एफसीएनटीएलने फ्लॅग असं दोन पायऱ्यांत चालत नाही, पाइप-टू च पाहिजे.

यात एक भारी कोपरा आहे. एका जुन्या डब्यावर डीमन ज्या स्क्रिप्टने सुरू व्हायचा ती शून्य, एक, दोन तिन्ही डिस्क्रिप्टर बंद करून टाकायची. मग पाइप मागितला की कर्नल सगळ्यात लहान मोकळा नंबर देतं, म्हणजे शून्य आणि एक. आता डुप-टू ला सांगितलं शून्याला शून्यावर आण, तो काहीच करत नाही, जसं आहे तसं सोडतो, आणि क्लोएक्झेक फ्लॅगही तसाच राहतो. एक्झेक होताच शून्य बंद. मग ग्रेप "बॅड फाइल डिस्क्रिप्टर" म्हणतो आणि तुम्ही दिवसभर ग्रेपच्या आर्ग्युमेंटकडे बघत बसता. त्यावर मेनच्या पहिल्या ओळींत तिन्ही नंबर उघडे आहेत का बघून नसतील तर डेव्ह-नल उघडून ठेवलं, संपला विषय.

प्रीव्ह्यूचं वेगळं. स्क्रीनवर काट्याच्या ओळी दाखवायच्या म्हणून पाइपलाइनचं आउटपुट फाइलऐवजी डीमनच्या मेमरीत हवं होतं. जुन्या फंक्शनमध्ये आधी सगळ्यांसाठी वेटपिड (मूल संपण्याची वाट बघणं) आणि मग वाचन असा क्रम होता. छोट्या फाइलवर चालायचं, मोठ्यावर लटकायचं. नेमकं कुठे ते बघायला मी हेडने मोजून बाइट पाठवले, ६५५३६ ला चाललं, ६५५३७ ला लटकलं. लिनक्समध्ये २.६.११ पासून पाइपचा बफर चौसष्ट केबीचा असतो (आधी ४०९६ बाइटच होता), तो भरला की लिहिणारा थांबतो, आणि वाचणारे आपण तर त्याच्या मरणाची वाट बघत वेटपिडमध्ये. एफसीएनटीएलने बफर एक एमबीपर्यंत वाढवता येतो, साध्या यूजरला तेवढी डिफॉल्ट मर्यादा असते, पण त्याने लटकणं पुढच्या मोठ्या फाइलवर ढकललं जातं इतकंच. आधी एंड ऑफ फाइलपर्यंत वाचायचं, मग वेट करायचं. आणि आपणच एका टोकाने भरतोय आणि दुसऱ्या टोकाने वाचतोय असं असेल तर पोल वापरून दोन्हीकडे लक्ष ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही.

एवढं सगळं होऊन चारही निकाल हातात आले, आणि डीमनमधून टीएमपी भरून बघितलं तर टर्मिनलवरचे आकडे येईनात! १४१ च्या जागी ग्रेप २ देतोय, सॉर्ट २ देतोय, म्हणजे दोघंही आरोपी. झालं असं की डीमन सॉकेटवर बोलतो म्हणून त्याने सिगपाइप इग्नोर करून ठेवलाय, बरेच सर्व्हर तसं करतात. पण इग्नोर केलेला सिग्नल एक्झेकनंतरही इग्नोरच राहतो. मग ग्रेप सिग्नलने मरत नाही, त्याला राइटमधून एरर मिळतो, तो "ब्रोकन पाइप" असं स्टँडर्ड एररवर लिहून २ ने बाहेर पडतो. मध्ये बॅश असता तरी उपयोग नव्हता, शेल सुरू होतानाच जो सिग्नल इग्नोर असतो तो शेलमधून ट्रॅपने परत सुरू करता येत नाही. म्हणून मुलामध्ये एक्झेकच्या आधी सिगपाइप डिफॉल्टवर आणायचा. ही एक ओळ बऱ्याच घरगुती कोडमध्ये नसते आणि जोपर्यंत तुम्ही निकाल बारकाईने वाचत नाही तोपर्यंत नाही म्हणून काही बिघडतही नाही, त्यामुळे ती कधीच लिहिली जात नाही.

सॉर्टच्या बाबतीत अजून एक गोष्ट. टर्मिनलवर माझं लोकेल (भाषा आणि क्रमाचे नियम) वेगळं, डीमन सुरू करणाऱ्या सिस्टिमडीखाली वेगळं, त्यामुळे तीच फाइल दोन्हीकडे वेगळ्या क्रमाने लागायची आणि पुढे जॉइन कमांड "सॉर्टेड नाही" म्हणून भांडायची. मुलाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये एलसी-ऑल ला नुसतं सी दिलं. आणि झेडकॅट वापरू नका, ती आमच्या डब्यात एक शेल स्क्रिप्टच निघाली जी शेवटी जीझिपच चालवते.

हे सगळं करता करता एस-ट्रेस लावून मॅन कमांड कशी चालते ते बघत होतो, कारण ती पण मदतीची पानं दाखवायला चार-पाच प्रोग्रॅम पाइपने जोडते, आणि तिथे लिबपाइपलाइन सापडली. कॉलिन वॉटसन यांची लायब्ररी, मॅन-डीबी मधूनच वेगळी काढलेली, आणि नेमकं हेच काम करते. पाइपलाइन बनवा, एकेक कमांड आर्ग्युमेंटसकट जोडा, सुरू करा, वेट करा. शेल कुठेच नाही म्हणून "काटा २ (नवीन)" जसंच्या तसं जातं. प्रत्येक कमांडला वेगळं एन्व्हायर्नमेंट देता येतं, कमांडच्या जागी आपलं सी फंक्शन बसवता येतं, आउटपुट ओळीओळीने वाचता येतं, पुढे काय आहे ते न उचलता नुसतं डोकावता येतं. फोर्कच्या आधी ती सगळे स्टडीआयओ बफर फ्लश करते, हे मला फार पटलं, कारण नाहीतर पॅरेंटच्या बफरमधली लॉगची ओळ मुलाकडे कॉपी होते आणि एक्झेक फसून मूल एक्झिटने बाहेर पडलं की तीच ओळ लॉगमध्ये दोनदा दिसते (मुलात अंडरस्कोअरवाला एक्झिट वापरायचा तो यासाठी). मुलांमध्ये सिगपाइप डिफॉल्टवर ठेवते. पाइपलाइन-डीबग हे व्हेरिएबल १ केलं की काय चालवतेय ते सांगते.

तिचा निकालाचा नियमही विचार करून केलेला आहे. शेवटची कमांड फसली तर तिचा आकडा, सिग्नलने मेली तर १२८ अधिक सिग्नल, सिगपाइपने मेलं तर ते शून्य धरायचं, आणि शेवटची ठीक पण मधली कुठली फसली असेल तर १२७. म्हणजे सगळे ठीक असतील तरच शून्य. पण आमच्या दोन केस लावून बघा, सॉर्ट मेला तरी १२७, काटा बंद म्हणून ग्रेपने १ दिला तरी १२७. त्यासाठी वेट-ऑल वापरायचं, ते चारही निकालांचा अॅरे देतं. तो अॅरे बघून मला बरं वाटलं.

तरी कारखान्यातल्या डब्यात आम्ही ती घातली नाही. एक म्हणजे तिचं लायसन्स जीपीएल ३, म्हणजे ती जोडून प्रोग्रॅम वाटला तर आपलाही सोर्स द्यावा लागतो, आणि आमचा डीमन बंद सोर्सचा, ग्राहकाच्या डब्यात आम्ही तो देतो म्हणजे वाटतोच, त्यामुळे लिंक करायचा प्रश्न नव्हता. दुसरं म्हणजे ती स्वतःचा सिगचाइल्ड (मूल मेल्याची खबर देणारा सिग्नल) हँडलर लावते आणि सगळ्या मुलांचा हिशोब तिच्याकडेच द्यावा अशी तिची अपेक्षा असते, आमच्या डीमनमध्ये दुसरी मुलंही आहेत. ऑफिसमधल्या रिपोर्टच्या टूलमध्ये मात्र ती आहे, कारण ते टूल आमच्या बाहेर जात नाही, आणि तिथे माझा अर्ध्याहून जास्त कोड उडाला.

डीमनसाठी पोझिक्स स्पॉन या फोर्क-एक्झेक एकत्र करणाऱ्या फंक्शनवर लिहिलं. थ्रेड असलेल्या प्रोग्रॅममध्ये फोर्क केलं की मुलात फक्त फोर्क करणारा थ्रेड येतो, दुसऱ्या थ्रेडने त्या क्षणी एखादं लॉक धरलेलं असेल तर ते मुलात कायमचं धरलेलं राहतं, म्हणून फोर्क ते एक्झेक या मधल्या ओळींत प्रिंटएफ सुद्धा करायची सोय नाही. स्पॉनमध्ये या मधल्या ओळी आपण लिहितच नाही, कुठलं टोक कुठे न्यायचं, कुठले सिग्नल डिफॉल्टवर आणायचे, प्रोसेस ग्रुप कुठला, हे सगळं आधीच भरून द्यायचं. शिवाय प्रोग्रॅमच सापडला नाही तर तो एरर नंबर स्पॉन थेट परत देतं, ग्लिब्सी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.२४ पासून हे भरवशाचं आहे. हाताने फोर्क करताना त्यासाठी क्लोएक्झेकवाला आणखी एक पाइप ठेवून त्यातून एररनो पाठवायची युक्ती करावी लागते, नाहीतर १२७ आला तर तो प्रोग्रॅम सापडला नाही म्हणून आला की प्रोग्रॅमनेच दिला हे कळत नाही.

प्रोसेस ग्रुप टाइमआउटसाठी. नेटवर्कवरची डिस्क अडकली की चौघंही अडकतात, तेव्हा एकेकाला मारत बसण्यापेक्षा पहिल्या मुलाच्या पिडवर ग्रुप करायचा, बाकीच्यांना त्यात टाकायचं आणि किलला तो नंबर उणे करून द्यायचा. फक्त चौघंही सुरू होईपर्यंत पहिल्याचं वेट करायचं नाही, तो लगेच मेला आणि आपण त्याला उचलून टाकला तर ग्रुपच उरत नाही आणि दुसऱ्याला त्यात जाता येत नाही. झॉम्बी म्हणून पडून असेल तर ग्रुप शिल्लक असतो, म्हणजे झॉम्बीचा पण उपयोग आहे.

आउटपुट आता आधी वेगळ्या नावाने लिहिलं जातं, चारही आकडे त्या त्या प्रोग्रॅमच्या यादीत बसले तरच एफसिंक करून (डेटा डिस्कवर नक्की उतरवून) रिनेम. सॉर्टला डॅश कॅपिटल टी देऊन टीएमपीऐवजी डेटा डिस्कवरचं फोल्डर दिलंय. चौघांचं स्टँडर्ड एरर एकाच पाइपमधून डीमनकडे येतं, ४०९६ बाइटपर्यंतचं एक राइट लिनक्स मध्येच तोडत नाही, त्यामुळे ओळी एकमेकांत घुसण्याची भीती तशी कमी, पण ग्रेपची ओळ ग्रेपने लिहिली हे तिच्या सुरुवातीला तो स्वतःचं नाव लिहितो म्हणूनच कळतं. उद्या यात नाव न लिहिणारा एखादा प्रोग्रॅम आला तर प्रत्येकाला वेगळा एरर पाइप द्यावा लागेल, म्हणजे पोलमध्ये अजून चार टोकं, आणि ते काम अजून केलेलं नाही.